उतरण्याची विद्या

खर्ड्याच्या मैदानावर मराठे व निजाम लढले ते मार्च १७९५ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी फ्लेरूसच्या लढाईत फ्रेंचांनी टेहळणीसाठी बलून चढविले होते. वर जाण्याची विद्या माणसाला तेव्हाच साधली. सुखरूप उतरण्याची अद्याप पुरती साधलेली नाही. बलूनला सुकाणू नसते. वारा नेईल तिकडे ते जाते.

२६ फेब्रुवारी २०१३ रोजी इजिप्तमध्ये लक्झर येथे उतरतानाच इंधनाची नळी गळून आग लागली. चालकाने उडी टाकली. भार कमी झाला, आगीने हवा तापली, बलून पुन्हा वर गेले. १९ जण मेले. ३० जुलै २०१६ रोजी टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ बलून विजेच्या तारांवर आदळले. १६ जण गेले. तेथे बलूनचालकास वैद्यकीय दाखल्याची सक्ती नव्हती. भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या चालकांसाठी तसा नियम जाहीर झाला २०२२ मध्ये.

यंत्राला जाळी बसते ती कामगाराचा हात गेल्यावर, हे आम्ही कामगार चळवळीत पाहत आलो. आकाशातही तोच न्याय दिसतो. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वीच चालकाचा दाखला मागावा. तो मागणे हा भित्रेपणा नव्हे, हक्क आहे.