फुकटच्या लाकडाची कुळकथा

आइसलंडमध्ये ख्रिसमसच्या जेवणात ‘हांगीक्योट’ असावंच लागतं. धुरावर टांगून मुरवलेलं मेंढीचं मांस. नवव्या शतकात माणसं त्या बेटावर वस्तीला आली तेव्हा तिथे बर्चची रानं होती. सरपण, कोळसा आणि मेंढ्यांची चराई यांनी ती काही शतकांत फस्त केली. मग धूर करायचा कशाचा? गोठ्यात हिवाळाभर पायाखाली तुडवला गेलेला लेंड्यांचा थर फावड्याने कापायचा, वड्या उन्हावाऱ्यात वाळवायच्या आणि त्याच पेटवायच्या. आज तिथे बर्चच्या धुरावरचंही मांस विकत मिळतं, पण जुन्या वळणाची माणसं लेंड्यांच्या धुराचंच मागतात.

धुराच्या लाकडांची कुळं अशीच शोधावी लागतात. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये मेपलच्या जोडीला मक्याची कणसं सोलून उरलेली बुरखुंडं जाळून हॅम धुरवत. चीनच्या हुनान प्रांतात भाताचा तूस, शेंगांची फोलपटं आणि संत्र्याच्या साली चालतात. चव ठरवून कुणी झाड निवडलं नव्हतं. जे परसात पडलं होतं ते पेटवलं आणि जीभ त्याला सरावली. हिकरी, ॲपलवूड असल्या लाकडांच्या पिशव्या परदेशातून मागवणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

टेक्सासचं उदाहरण तर फार बोलकं आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक कुटुंबं येऊन राहिली आणि त्यांनी खाटीकखाने काढले. शीतपेट्या नव्हत्या. दिवसअखेर न खपलेलं मांस आणि तुकड्यांचे सॉसेज ते मागच्या अंगणात धुरवत. मायदेशी ते बीचचं लाकूड वापरत; इथे भोवताली होता पोस्ट ओक. सावकाश वाढणारा, वेडावाकडा, इमारतीला फारसा न चालणारा. कुंपणाचे खांब आणि सरपण एवढाच त्याचा उपयोग. लॉकहार्ट गावात १९०० साली सुरू झालेल्या क्रूझ मार्केटची भट्टी याच लाकडावर पेटली. कापूस वेचणारे मजूर कागदावर मांस घेऊन उभ्या उभ्या खात. काटा नाही, सॉस नाही. १९९९ मध्ये घरच्या वाटणीवरून दुकान नव्या जागी हललं, तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे घमेल्यात भरून भर रस्त्यातून ओढत नव्या भट्टीत नेले. आज जगभरचे ब्रिस्केटवाले, म्हणजे गुरांच्या छातीचं मांस धुरवणारे, ‘पोस्ट ओकच हवा’ म्हणून अडून बसतात. कुंपणाच्या खांबाचं नशीब!

लाकूड कोणतंही चालतं असा मात्र याचा अर्थ नव्हे. लाकडातलं लिग्निन उष्णतेने फुटतं आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल ही संयुगं निघतात. ज्याला आपण धुराचा वास म्हणतो तो बराचसा यांचा. रुंद पानांच्या झाडांत दोन्ही मिळतात. पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत सिरिंगॉल जवळपास नसतं, वर राळ असते. ती जळली की काजळी आणि कडवटपणा. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टचे लोक फरच्या धुरावर हॅम करतात, पण तो थंड धूर असतो आणि त्यामागे पिढ्यांचा हात आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पुढे कारखानदारांनीही टाकाऊ लाकूडच विकायला काढलं. मॉडेल टी गाडीत बरंच लाकूड लागे. १९२०च्या सुमारास हेन्री फोर्डने मिशिगनमधल्या कारखान्यातल्या ढलप्या आणि भुश्शापासून कोळशाच्या वड्या करून त्या आपल्याच गाड्यांच्या दुकानांतून विकल्या. १९८०च्या दशकात ओरेगनच्या ट्रेगरने लाकडी भुश्शाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी शेगडी काढली.

पण आपल्याशी नातं आहे ते मेस्कीट या काटेरी झाडाचं. टेक्सासच्या गुरेपाळांचा हा पिढीजात वैरी. गुरं शेंगा खातात, शेणातून बी पसरतं, कुरण काट्यांनी भरतं. ट्रॅक्टरला साखळदंड बांधून त्यांनी ही झाडं उपटली, औषधं मारली, हटलं नाही. १९८०च्या आसपास अमेरिकी हॉटेलांत मेस्कीटच्या निखाऱ्यांची फॅशन आली आणि तण मेनूकार्डावर चढलं. याचीच चुलत बहीण म्हणजे आपली वेडी बाभूळ. जमैकाहून आणलेलं तिचं बी १८७७च्या सुमारास आंध्रातल्या कडप्प्याकडे लावलं गेलं. आज सोलापूर-बीडकडे ओढ्याकाठी, पडीक रानात तीच ती.

म्हणजे धुरासाठी आपल्याकडे मेस्कीट फुकट आहे! आहे, पण बेताने. तिचा धूर तिखट. मासळी किंवा कोंबडीचे तुकडे निखाऱ्यावर झटपट भाजायला उत्तम. दहा-बारा तास मांस धुरवत ठेवलं तर कडू होणार. आणि तिचा कोळसा विकत घेताना तो पाडतं कोण, हेही बघा. रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन घाटावर आणि पार परराज्यांत भट्ट्यांवर जातात, लाकूड रचून माती-पाल्याने लिंपतात आणि रात्र-रात्र भट्टीची राखण करतात. उचल फिटता फिटत नाही, लेकरांची शाळा बुडते. कोळसा स्वस्त असतो तो या हिशोबात.

त्यापेक्षा फळबागांची छाटणी बरी. पेरू, आंबा, चिकू, संत्रं, मोसंबी, सगळी रुंद पानांची. फळझाडांचा धूर सौम्य असतो. मनगटाएवढ्या फांद्या घ्या, चिरून सावलीत काही महिने वाळवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटणीत आवाज आला पाहिजे. भद्द वाजलं तर ओलं आहे. बुरशी दिसली तर टाकून द्या. नुकतीच फवारणी झालेली फांदी नको. कण्हेर विषारी, तिला चुलीजवळही आणू नका. प्लायवूड, रंगवलेली फळी, मालाची खोकी आणि पॅलेट फुकट मिळाली तरी नकोतच. पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. छिलके तासभर पाण्यात भिजवण्याचा सल्लाही सोडून द्या: पाणी आत मुरत नाही, आधी नुसती वाफ येते.

वखारवाल्याकडे जायच्या आधी ओळखीच्या बागायतदाराला फोन करा. छाटलेल्या फांद्या तो बहुधा बांधावर पेटवूनच देतो; मागितल्या तर मिळतील.