काटा खोटं बोलतो तेव्हा

गेल्या महिन्यात खंबाटकी घाटात आमची गाडी बंद पडली. काटा अर्धी टाकी दाखवत होता आणि टाकीत खडखडाट! सौ. आणि नात गाडीत, मागे ट्रकांची रांग. एका मोटारसायकलवाल्या पोराने पंपावरून पेट्रोल आणून दिलं म्हणून सुटलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "सर, फ्लोट गेलाय." बॅटरीची तार सोडवून, मागचं सीट उचलून त्याने ते प्रकरण टाकीतून बाहेर काढलं. पेट्रोलवर तरंगणारा ठोकळा, त्याला दांडी, दांडीचं टोक एका रोधक पट्टीवर सरकतं. ठोकळा उतरला की विजेचा प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. पट्टी झिजली की काटा मनाला येईल ते सांगतो. तासाभरात नवा फ्लोट बसला.

पूर्वी हे काटे नव्हतेच. फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) चालवणारे पुढचं सीट उचलून टाकीत काठी बुडवून बघत. माझ्या जुन्या स्कूटरला तरी कुठे काटा होता? आचके द्यायला लागली की कॉक रिझर्व्हवर!

पण मोजपट्टी असली तरी हिशोब बरोबर हवा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे काटे बंद होते. तेव्हा टाकीतली पातळी हाताने मोजली. ७,६८२ लिटर भरलं. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. एका लिटरचं वजन साधारण ०.८ किलो, म्हणजेच १.७७ पौंड. कॅनडात तेव्हा पौंड जाऊन किलो येत होते. लिटरना गुणलं १.७७ ने आणि उत्तराला म्हटलं किलो! विमान निघालं ते निम्म्याहून कमी इंधनावर. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा छंद होता. सहवैमानिक क्विंटल यांना गिमली इथला हवाई दलाचा जुना तळ ठाऊक होता. तिथल्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती होत्या! तिथे त्यांनी विमान उतरवलं. ६९ च्या ६९ माणसं वाचली.

मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण काही वर्षं पाचवीला गणितही शिकवलं. एकक लिहिलं नाही म्हणून एका मुलाचा अर्धा गुण कापला होता. त्याचे वडील शाळेत आले, "सर, आकडा बरोबर आहे ना?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. गुण मात्र वाढवला नाही, आणि नंतर बरेच दिवस ते मनाला लागून राहिलं.

आता गिमलीची गोष्ट सांगितली असती. असो. सध्या पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा वहीत टिपून ठेवतो. नात हसते. हसू दे.