गृहकर्ज : व्याजदर स्थिर की बदलता?

शिराळ्यात घर बांधणाऱ्याने कर्ज घेताना प्रथम व्याजदराचा प्रकार ठरवावा. स्थिर दरात हप्त्याची निश्चिती असते. मात्र हा दर सहसा चढा असतो आणि काही करारांत ठरावीक वर्षांनंतर बदलतो. बदलता दर उतरला तर लाभ, चढला तर भुर्दंड. २० लाखांच्या, २० वर्षे मुदतीच्या कर्जाचा मासिक हप्ता ९ टक्क्यांनी सुमारे १७,९९५ रुपये, तर १० टक्क्यांनी १९,३०० रुपये होतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढविल्यास एकूण व्याज वाढते.

व्यापारी बँकांची १ ऑक्टोबर २०१९ पासूनची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली आहेत. सहकारी बँकेत मात्र दर कशावर ठरतो, हे विचारून घ्यावे.

बेताच्या पगारदारास स्थिर दर सोयीचा. ऊसबिलाची रक्कम एकदम हाती येणाऱ्यास बदलता दर बरा. कारण अशा कर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर व्यक्तीला दंड पडत नाही.