हायड्रॉलिक जॅकची उमेदवारी

यंत्राचा इतिहास लिहितांना संशोधकाचें नांव आपण अगत्यानें घेतों. तें यंत्र प्रथम चालविणाऱ्या हाताचें स्मरण क्वचितच होतें. इंग्लंडांतील न्यूकॅसल बंदराच्या धक्क्यावरील यारी, म्हणजे क्रेन, हिची कथा या रीतीला सुदैवानें अपवाद आहे.

विल्यम आर्मस्ट्राँग पेशानें वकील. शहराच्या नळांतील पाण्याच्या दाबावर चालणारी यारी त्यानें १८४६ सालीं तेथें उभारली. हातानें दांडा फिरवून चालणाऱ्या जुन्या यारीवर मनगटांत बळ असलें कीं काम भागे. आतां बळ पाण्याचें. माणसाकडे राहिली ती झडप उघडण्यामिटण्याची कळ. ती चट्‌दिशीं मिटली तर साखळीला हिसका बसावा आणि टांगलेलें ओझें हेलकावे खाऊं लागावें. ही विद्या शिकविणार कोण? शाळा नाहीं, गुरु नाहीं. नेमलेल्या गड्यानें ती माल चढवितां-उतरवितांच हस्तगत केली, आणि लोक त्याला ‘हायड्रॉलिक जॅक’ म्हणूं लागले.

लिव्हरपूलच्या गोद्यांचा अभियंता जेसी हार्टली हा बडा असामी. पण या पाण्याच्या यारीवर त्याचा विश्वास बसेना. अखेर स्वारी स्वतः न्यूकॅसलला येऊन पोहोंचली. जॅकनें जड ओझें भरवेगानें खालीं सोडलें, आणि जमिनीला टेकण्यापूर्वीं तें अलगद थोपवून धरलें! हार्टलीचा संशय फिटला. लिव्हरपूलच्या अल्बर्ट गोदीवर तशाच याऱ्या बसल्या. वकिलाचा खटला असा एका गड्यानें जिंकून दिला. आर्मस्ट्राँगला लॉर्ड ही पदवी मिळाली ती पुढें १८८७ सालीं.