फास्टर फेणे (चित्रपट)

भा. रा. भागवत यांच्या कुमारकथांमधील नायकावरचा मराठी रहस्य-थरारपट. प्रदर्शन : २७ ऑक्टोबर २०१७. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, लेखक क्षितिज पटवर्धन.

भागवतांचा जन्म १९१० साली इंदूरचा. या शहराने मराठी बालसाहित्याला दिलेली ही मोठी देणगी होय. त्यांचा बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणे हा फुरसुंगीचा चपळ, निडर शाळकरी मुलगा. १९८० च्या दशकात दूरदर्शनने त्याच्यावर मालिका केली. सुमीत राघवन याने साकारलेला बनेश घरोघरी पोचला.

चित्रपटात बनेश (अमेय वाघ) तरुण झाला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी तो पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूचा छडा लावताना परीक्षेतील गैरव्यवहारापर्यंत पोचतो. पाठलाग आणि झटापटी वाढल्या, तरी तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढण्याची त्याची खूण कायम आहे. खलनायक अप्पा गिरीश कुलकर्णी यांनी रंगवला. दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भागवतांची भूमिका केली. लेखकालाच कथेत स्थान देणारी ही योजना चित्रपटाचे हृद्य वैशिष्ट्य ठरते.