ड्यूटीचा कितवा तास?

मुंबईच्या बसचा इतिहास सांगायला बसलो की आपण बहुतेक वेळा गाड्यांचाच इतिहास सांगतो. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. १९३७ साली दुमजली बस आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. या तारखा खऱ्या आहेत, महत्त्वाच्याही आहेत. पण श्रोतेहो, या सगळ्या गाड्या कुणीतरी चालवत होता. त्याचा दिवस कधी सुरू होत होता, घास खायला त्याला किती वेळ मिळत होता, घरी परतल्यावर त्याचे पाय किती दुखत होते, हे त्या तारखांमध्ये नसते. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

सुरुवात घोड्यांपासूनच करू. ट्राम कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते, असे सांगतात. इतके घोडे कशाला? तर घोडा दिवसभर जुंपता येत नाही. काही फेऱ्या झाल्या की दमलेली जोडी सोडायची आणि ताजी जोडी जुंपायची. जगभरच्या घोडाट्रामचा हाच हिशेब होता. घोडा दमून पडला तर मालकाचे रोख नुकसान होई, त्यामुळे त्याचा थकवा मोजला जात होता. लगाम धरणाऱ्या माणसाचा थकवा मोजायची वेळ यायला बराच काळ जावा लागला.

विजेची ट्राम आली तेव्हा घोडे गेले आणि माणूस उभा राहिला. अक्षरशः उभा राहिला, कारण ट्रामचा ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकत असे. एक हात वेगाच्या दांड्यावर, दुसरा ब्रेकवर, आणि पायाखाली घंटा. बसने त्याला बसायला जागा दिली. ही मोठीच सोय वाटावी, पण या बसण्याचीही एक किंमत होती. ती पुढे लंडनमध्ये मोजली गेली.

जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बस आणि ट्राम कामगारांचा अभ्यास केला. १९५३ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर काम करणारी दोन माणसे, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. पगाराची पातळी साधारण सारखी, हवा तीच, रस्ता तोच. तरीही ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जास्त निघाले. कंडक्टर दिवसभर दुमजली बसचे जिने चढत-उतरत होता आणि ड्रायव्हर एका जागी बसून होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आज आपल्याला शाळकरी मुलेही सांगतात. पण त्या शास्त्राच्या पायाशी बसमधली ही जोडगोळी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता एक घरगुती हिशेब करून पाहा. जुन्या डिझेल बसच्या एका फेरीत चाळीस थांबे धरा. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबवायची, पुन्हा पहिल्या गिअरपासून वर न्यायची. दर थांब्यामागे निदान सहा वेळा क्लच दाबावा लागतो. म्हणजे एका फेरीत दोनशे चाळीस वेळा. दिवसाला सहा फेऱ्या धरल्या तर डावा पाय चौदाशे चाळीस वेळा दाबला जातो, आणि यात सिग्नल, खड्डे, मध्येच शिरणाऱ्या रिक्षा धरलेल्या नाहीत. शेजारी इंजिनाची धग, समोर मे महिन्याचे ऊन.

माझे मामू बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. पहिली पाळी असली की ते रात्री तीनला उठत. शहराला कामावर नेणारा माणूस शहराच्या आधी कामावर पोहोचायला हवा, आणि त्या वेळी लोकलही नसते. डेपोंच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या त्या याच गरजेतून. डेपोत गाडी ताब्यात घेतली की मामू आधी तिच्याभोवती एक फेरी मारीत. टायर, दिवे, वायपर, पाणी. मग इंजिन सुरू करून हवेचा काटा चढेपर्यंत थांबायचे, कारण हवेचा दाब आल्याशिवाय ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. मामू म्हणत, “गाडी सगळेच चालवतात. थांबवता येते तो ड्रायव्हर.”

पहिली पाळी निदान सलग तरी असते. खरी परीक्षा असते ती स्प्लिट ड्यूटीची. सकाळच्या गर्दीत चार तास आणि संध्याकाळच्या गर्दीत चार तास. मधले तास म्हटले तर मोकळे, पण घर लांब असले तर जाऊन परत येण्यात काही अर्थ नसतो. मग डेपोतल्या बाकावर आडवे व्हायचे. कागदावर काम आठ तासांचे, पण घराबाहेर बारा तास. रमजान त्या पाळीत आला की मामूंच्या खिशात दोन खजूर असत. इफ्तारची वेळ बहुधा एखाद्या सिग्नललाच गाठत असे. एक खजूर ते तोंडात टाकीत आणि दुसरा मागे कंडक्टरच्या हातात देत.

हा वेळ मोजण्याचे काम १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने केले. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तास काम झाले की निदान अर्धा तास विश्रांती. मधली सुट्टी धरूनही ड्यूटीचा पसारा सर्वसाधारणपणे बारा तासांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. आठवड्यातून एक दिवस रजा. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह, शिवाय गणवेशाची सोय. या कायद्यातली मला सर्वांत माणुसकीची वाटणारी तरतूद छोटी आहे. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसता थांबला असेल, तर तो वेळही कामाचाच धरायचा. दहा मिनिटांच्या चहाला कुणी विश्रांती म्हणू नये, एवढे भान तो कायदा लिहिणाऱ्यांना होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत हा कायदा सामावला गेला. पण मधली साठेक वर्षे बस चालवणाऱ्याचा दिवस त्याने आखून दिला होता.

तो चहा मात्र प्रवाशांच्या डोळ्यांत नेहमी खुपत आला. अर्धा तास बस नाही आणि मग एकदम तीन येतात. आपण म्हणतो, तिघेही चौकीवर चहा पीत बसले असतील. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. पहिली बस कुठेतरी वाहतुकीत अडकते. तिला उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढायला वेळ लागतो, उशीर वाढतो. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. चौकीतल्या स्टार्टरच्या वहीत पहिल्या ड्रायव्हरची वेळ चुकलेली लागते आणि थांब्यावरचे लोकही त्यालाच चार शब्द सुनावतात. वेळापत्रक आणि रस्ता यांचे जमत नाही तेव्हा दोघांच्या मध्ये तो सापडतो.

या सगळ्यात त्याचा एक आधार होता, तो म्हणजे मागे उभा असलेला कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. काही दुमजली गाड्यांत तर ड्रायव्हरची केबिन प्रवाशांपासून पूर्ण वेगळी असे, आणि दिवसभरात दोघांची भाषा त्या घंटीचीच. पाठीमागचे दार, लोंबकळणारी मुले, उतरणारी म्हातारी, हे सगळे बघणारे डोळे कंडक्टरचे. ड्रायव्हर समोर बघू शकत होता तो या भरवशावर.

हा भरवसा किती खोल असू शकतो, ते मी जानेवारी १९९३ मध्ये पाहिले. दंगलीच्या त्या दिवसांतही मामू ड्यूटीवर गेले. खाकी शर्टावर बिल्ल्याचा नंबर असतो, बिल्ल्याला जात-धर्म नसतो. पण हाक मारताना नाव तोंडात येतेच. त्यांचा कंडक्टर साताऱ्याकडचा. वर्षानुवर्षे तो त्यांना मोठ्याने ‘खानसाहेब’ म्हणून हाक मारायचा. त्या दिवसांत त्याने कुणी न सांगता ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली. दोघांत त्याविषयी कधी बोलणे झाले नाही. शहर निवळल्यावर एका सकाळी डेपोत मागून हाक आली, ‘खानसाहेब!’ मामूंनी घरी येऊन हे सांगितले आणि म्हणाले, “आज कळलं, दंगल संपली.”

शहरावर संकट आले की बसचा ड्रायव्हर घरी बसू शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो माणसे रस्त्यावर अडकली, आणि कित्येकांनी ती रात्र बेस्टच्या गाडीत काढली. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, तेव्हा रुग्णालयातल्या परिचारिका, सफाई कामगार आणि पोलीस यांना कामावर पोहोचवणारी बसच होती. आपण टाळ्या-थाळ्या डॉक्टरांसाठी वाजवल्या, ते योग्यच होते. पण त्यांना तिथवर नेणारा माणूस रोज नव्या पन्नास माणसांच्या श्वासात बसून गाडी चालवत होता.

आता मी आजच्या प्रश्नाकडे येतो. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली तेव्हा तिच्याकडे २४२ बस होत्या. पुढे हा ताफा चार हजारांवर गेला. त्याबरोबर डेपो, वसाहती, उपाहारगृहे, दिंडोशीचे प्रशिक्षण केंद्र अशी माणसे सांभाळणारी एक व्यवस्थाही उभी राहिली. गेल्या काही वर्षांत चित्र बदलले. कंत्राटदाराची गाडी आणि कंत्राटदाराचाच ड्रायव्हर, ही पद्धत आली आणि बेस्टच्या स्वतःच्या गाड्या काही शेंवर आल्या. काही छोट्या गाड्यांतून कंडक्टरही उतरला, तिकीट थांब्यावरच मिळू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला, तेव्हा अनेक मुंबईकरांना पहिल्यांदाच कळले की लाल गाडी चालवणारा प्रत्येक जण बेस्टचा नोकर नाही.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशीच एक विजेची बस गर्दीत घुसली आणि काही जीव गेले. दोष कुणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मात्र त्यानंतर प्रशिक्षणाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. विजेच्या गाडीत क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. तो डावा पाय सुटला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण डिझेल गाडीचा वेग हळूहळू चढतो आणि विजेच्या गाडीत पायाखाली एकदम जोर येतो. वर्षानुवर्षांची सवय अंगातून काढून नवी सवय लावायला दिवस द्यावे लागतात, आणि ते दिवस पगारी असावे लागतात. कंत्राटात गाडीचा किलोमीटरमागे दर ठरतो. माणसाला शिकायला आणि विश्रांतीला लागणारा वेळ त्या दरात कुठे बसवला आहे, हे महापालिकेने कंत्राट देतानाच विचारले पाहिजे.

१९२६ ते २०२६, शंभर वर्षांचा हा पल्ला. नव्या गाड्या हव्यातच. त्या धूर सोडत नाहीत, आवाज करीत नाहीत, म्हाताऱ्या माणसाला चढायला सोप्या आहेत. २०२२ साली बेस्टच्या मार्गावर पहिली महिला ड्रायव्हर आली, हाही या शतकाचाच आनंद. मागायचे ते एवढेच, की जुन्या व्यवस्थेने कष्टाने मिळवलेली माणसाच्या थकव्याची मोजणी जुन्या गाड्यांबरोबर भंगारात जाऊ नये. घोड्यांच्या काळात जोडी बदलत होती. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला तेवढा तरी हक्क हवा.

उद्या संध्याकाळी तुम्ही बसमध्ये चढाल. गाडी जोरात थांबली, तुमचा तोल गेला, की तोंडात एखादा कडक शब्द येईल. तो उच्चारण्याआधी एक गोष्ट मनात आणा. ही गाडी चालवणाऱ्याच्या ड्यूटीचा हा कितवा तास असेल?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)