पाच वर्षं वाळलेली वीट

आजचा एपिसोड ओलीबद्दल. आमच्या गावच्या नव्या घरात बाबांचे पीएफचे पैसे गेलेत. दिवाळीआधी वास्तुशांती ठरली होती, म्हणून ओल्या गिलाव्यावरच पुट्टी आणि रंग मारून घेतला. हात लावला तर भिंत कोरडी वाटत होती. संक्रांतीपर्यंत पापुद्रे गळायला लागले.

मी सॉफ्टवेअरवाला. चूक कुठे झाली ते शोधत शोधत थेट दोन हजार वर्षं मागे गेलो.

विट्रुव्हियस हा रोमन वास्तुतज्ज्ञ. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्याने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातल्या दुसऱ्या भागात कच्च्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या विटांबद्दल तो सांगतो: विटा वसंतात किंवा शरदात पाडा, कडक उन्हाळ्यात नको. का? तर कडक उन्हात वरचा थर पटकन वाळतो आणि आत ओल तशीच राहते. वीट वाळल्यासारखी फक्त दिसते. नंतर ती आतून वाळते, आकसते आणि वरचा गिलावा सुटून येतो. म्हणून विटा निदान दोन वर्षं वाळू द्या, असं तो म्हणतो.

आता खरी गंमत ऐका. आजच्या ट्युनिशियात युटिका नावाचं शहर होतं. तिथे वीट पाडून पाच वर्षं झाल्याशिवाय आणि नगराच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय भिंतीत वापरायची नाही, असा नियम होता! कोरडेपणा डोळ्यांना दिसत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी डोळ्यांवर नाही, काळावर भरवसा ठेवला.

आजची भट्टीची वीट वेगळी आहे. ती तर आपण भिजवूनच लावतो. सिमेंटलाही घट्ट व्हायला पाणी लागतंच, त्यामुळे गिलाव्यावर पाणी मारणं टाळू नका. पण ते थांबलं की पुढे वाळायचे दिवसही द्यावे लागतात, आणि घाईत आपण नेमके तेच खातो. सिमेंटच्या पोत्यांची गोष्ट उलटी आहे: वापरण्याआधीच त्यांना ओल लागली की गुठळ्या होतात. म्हणून ती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायची, भिंतीला टेकवायची नाहीत.

आम्ही रंग खरवडला आणि उन्हाळाभर भिंती तशाच उघड्या ठेवल्या. पाहुणे विचारायचे, “रंग कधी?” बाबा म्हणायचे, “वाळू दे की.”

तुमच्याकडे बांधकाम चालू असेल, तर मुहूर्त काढण्याआधी हा एपिसोड घरच्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!